मापाचं पोलकं

१९ जुलै १९६७, धुळे

नानांनी आज वर्गात सगळ्यांना सांगितलं की रोजची वही लिहायची. दिसेल ते लिहायचं, अर्थ लावत बसायचं नाही. नटाला आधी डोळे पाहिजेत, अक्कल मागून आली तरी चालते, असं त्यांचं म्हणणं. नाना म्हणजे आमच्या नाट्यवर्गाचे गुरुजी. दिवसा शाळेत भूगोल शिकवतात आणि संध्याकाळी आम्हाला चालायला, बोलायला, उभं राहायला. वर्षभराचा वर्ग आहे. मुलं बरीच, मुली तिघीच.

मी जळगावची. इथे कॉलेजसाठी मामाजींकडे राहते. जळगावला कॉलेज नाही असं नाही, पण मामीजींना मूलबाळ नाही, आणि आमची बाई, म्हणजे आई, म्हणाली, कुसुम गेली तर माझ्या भावाचं घर भरेल. कांतीलालमामाजींचं आग्रा रोडला कापडाचं दुकान आहे. नाना त्यांचे जुने गिऱ्हाईक, म्हणून वर्गाला परवानगी मिळाली. तीही एका अटीवर. शिकायचं, पाठ करायचं, पण रंगमंचावर पाय ठेवायचा नाही. आपली मुलगी तोंडाला रंग लावून परक्या पुरुषासमोर उभी राहिली असं समाजात कळलं, तर माझ्या बाबूजींना पेढीवर बसायला तोंड राहणार नाही. मी हो म्हणून टाकलं. अट कशी मोडायची ते पुढचं पुढे.

घरी आम्ही मारवाडी बोलतो, वही मराठीत लिहिते. मामीजींना अक्षरओळख नाही आणि मामाजींना दुकानाबाहेरचं काही वाचायचा कंटाळा. त्यामुळे उशाखाली ठेवली तरी भीती नाही.

६ ऑगस्ट

नानांनी स्वतः लिहिलेलं नाटक बसवायला घेतलं. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहणारं एक जोडपं, गोपाळ आणि यमुना. फेब्रुवारीत जळगावला स्पर्धा आहे, तिथे न्यायचं. गोपाळ म्हणजे युसूफ, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. यमुनेचं नाव निघालं आणि आम्ही तिघी जमिनीकडे बघत बसलो, कारण तिघींनाही घरून बंदी.

नाना म्हणाले, नेहमीसारखं करू. नेहमीसारखं म्हणजे नाशिकहून लताबाईंना बोलवायचं. त्या भूमिका पाठ करून येतात, शेवटच्या दिवशी तालीम करतात, प्रयोग करतात आणि गाडीला बसतात. तोवर तालमीत कुणीतरी त्यांच्या जागेवर उभं राहायचं. यंदा ती मी.

मामीजी म्हणाल्या, बंद खोलीत आहे तर चालेल, पण मुलाचा हात लागता कामा नये. नानांनी तोडगा काढला. माझ्या आणि युसूफच्या मध्ये एक घडीची खुर्ची ठेवायची. ती उचलून इकडून तिकडे न्यायचं काम कौतिककडे. हा नेरकडून सायकलीवर येतो आणि नानांसमोरसुद्धा अहिराणीच बोलतो. आज म्हणाला, "नाना, खुर्चीले बी दोन वाक्यं द्या. बठ्ठा येळ तीच मझार शे." सगळा वेळ मध्ये तीच असते, हे खरंच.

२७ ऑगस्ट

मुंबईची नाटक कंपनी आली होती. नाना सगळ्या वर्गाला घेऊन गेले. मुली पुढे, मुलं मागे, मामाजी आमच्या शेजारी राखणीला. दुसऱ्या अंकात त्यांना डुलकी लागली.

आज नानांनी एकेकाला विचारलं, काय बघितलं? मी प्रकाशाबद्दल छान बोलले. युसूफ म्हणाला, "पहिल्या अंकातलं पोलकं त्या बाईंचं नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या मापाचं होतं. मुंढ्यात ओढत होतं, म्हणून त्या हात वर करत नव्हत्या." सगळे हसले. नाना हसले नाहीत. म्हणाले, याला बघणं म्हणतात.

युसूफ सत्तारचाचांचा मुलगा. मामाजींच्या दुकानासमोरच त्यांचं शिंप्याचं दुकान आहे. आमच्या घरच्या बायका काही फीत लावून घेत नाहीत, मापाला जुनं पोलकं पाठवतात. युसूफला तेही लागत नाही म्हणे, नुसत्या नजरेनं माप कळतं. मुलांनी लगेच परीक्षा घेतली. नानांचा डावा खांदा उतरता आहे, कौतिकच्या गळ्याला किती कापड लागेल, सगळं त्यानं धडाधड सांगितलं. मी विचारलं, "आणि माझं?"

तो म्हणाला, "तुमचं कधी बघितलं नाही."

रोज संध्याकाळी त्याच्यासमोर उभी असते मी, आणि म्हणे बघितलं नाही. शिवाय वर्गातली सगळी मुलं मला कुसुमताई म्हणतात, हा एकटा काहीच म्हणत नाही. अहो नाही, ताई नाही, सरळ बोलायला सुरुवात. रीतभात कुणी शिकवलेली दिसत नाही.

१५ सप्टेंबर

आज गंमत झाली. गोपाळ ड्युटीवर निघतो आणि यमुना त्याला चहाचा कप देते, तो प्रवेश चालला होता. शाळेचे कुणी पाहुणे आले म्हणून कौतिकनं आमची खुर्ची त्यांना नेऊन दिली होती. मध्ये काहीच नाही. युसूफ खुर्ची असते तिथपर्यंत आला आणि थांबला. मी कप धरून थांबले. नाना ओरडले, पुढे, पुढे. आमच्यातलं कुणीच हललं नाही. मला वाक्यच आठवेना, मला, जिला अख्खं नाटक पाठ आहे. शेवटी कौतिकनं पळत जाऊन खुर्ची आणली, मग सगळं सुरळीत झालं.

सवयीचा केवढा परिणाम असतो. घरी येऊन मामीजींना सांगितलं. त्या डाळ निवडत होत्या, हसल्या नाहीत. त्यांना नाटकातलं कळत नाही.

५ नोव्हेंबर, जळगाव

दिवाळीला घरी आले आणि माझी सगाई होऊन गेली. पारोळ्याचे मोतीलालजी, कापसाचा व्यापार, त्यांचा मुलगा रतिलाल. दिसायला बरे आहेत, कमी बोलतात. लग्न आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला. बाई म्हणाली, एवढं चांगलं घर चालून आलं, नशीब काढलंस. सगळे म्हणतात तर असेल. मला फक्त एवढंच विचारावंसं वाटलं की पारोळ्याला नाटकं येतात का. विचारलं नाही.

स्पर्धा लग्नाच्या आधी आहे, ही एक गोष्ट चांगली.

१० डिसेंबर, धुळे

वर्गात पेढे वाटले. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. का नव्हतं कोण जाणे, राहून गेलं. सगळ्यांनी अभिनंदन केलं. कौतिकनं चार खाल्ले. युसूफ म्हणाला, "रोजा आहे. सुटल्यावर खाईन," आणि पेढा कागदात गुंडाळून खिशात ठेवला. पुढची तालीम त्याला मुळीच जमली नाही. उपाशीपोटी कसली जमणार? नानांनी लवकर सोडलं.

१२ डिसेंबर

तालमीच्या खोलीच्या खिडकीत माझा पेढा सापडला, कागदासकट. मुंग्या लागल्या होत्या. खायचा नव्हता तर घ्यायचा कशाला? मला फार वाईट वाटलं. एका पेढ्याचं इतकं वाईट वाटायचं कारण नव्हतं.

७ जानेवारी १९६८

लताबाईंचं मापाचं पोलकं नाशिकहून पार्सलनं आलं. त्यात आम्ही दोन मुली मावलो असतो. नानांनी ते आणि पिवळं कापड युसूफकडे दिलं.

मग नानांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुझ्या मामांना एकदा विचारून बघतेस का? लताबाई काम चोख करतात, पण यमुना तू आहेस." मला हे हवं आहे. दुसरं काही इतकं हवं असल्याचं आठवत नाही. एकदा, एकच प्रयोग, पडदा वर जावा आणि मी तिथे असावं. मग पारोळ्याला जन्मभर सांगाल ते करीन.

युसूफ खिडकीशी उभा होता, त्यानं ऐकलं. म्हणाला, "विचारा. तुम्हाला जमत नसेल तर मी येऊन विचारतो." हा सहा महिन्यांत माझ्याशी नाटकाबाहेरचं बोललेला सर्वांत मोठा संवाद.

१० जानेवारी

मामाजींना विचारलं. मामीजींनीच उलट विचारलं, "हे तुझ्या डोक्यात कुणी घातलं?" मी म्हटलं, नाना म्हणतात यमुना मीच आहे. युसूफलाही तसंच वाटतं, तो तर तुम्हाला भेटायला यायला तयार आहे. मामीजींनी मामाजींकडे बघितलं. मग म्हणाल्या, "येऊ दे की. मलाही पोलकी शिवायला टाकायची आहेत."

मामीजी नाही म्हणाल्या नाहीत. मी किती दिवसांनी पोटभर जेवले.

१४ जानेवारी

संक्रांतीचा तिळगूळ द्यायच्या निमित्तानं मामीजींनी युसूफला बोलावून घेतलं. मला आत पुरणाला बसवलं. ते तिघं ओट्यावर बसले होते. मामीजींनी त्याला चहा दिला, बाहेरच्यांसाठीचा कान तुटलेला कप असतो त्यात, पण दिला. मामाजी कधी कुणा शिंप्याच्या पोराशेजारी बसत नाहीत, आज बसले. बराच वेळ बोलत होते, आवाज चढला नाही. दाराच्या फटीतून दिसलं, मामीजींनी डोळ्यांना पदर लावला होता आणि युसूफ खाली मान घालून ऐकत होता. मामीजी एका पोलक्यासाठी कशा रडतील? धूर गेला असेल डोळ्यांत.

नंतर मी विचारलं, काय ठरलं? मामीजी म्हणाल्या, "पोलक्यांचं ठरलं. बाकीचं बघू."

१६ जानेवारी

युसूफनं आज मला कुसुमताई म्हटलं. "कुसुमताई, तुमचं वाक्य आहे." एकदा नाही, दर वेळी. मला इतका राग यायचा की हा ताई म्हणत नाही, आणि आज म्हणाला तर वाक्यच सुचेना. कौतिक त्याच्याकडे टक लावून बघत होता.

तालीम बेचव झाली. खुर्ची होतीच, पण युसूफ तिच्याही दोन हात मागे उभा. नाना म्हणाले, अरे, बायको आहे तुझी, पोस्टमास्तर नाही.

१८ फेब्रुवारी, जळगाव

आजचं लिहून काढल्याशिवाय झोप येणार नाही.

आमचा प्रयोग संध्याकाळी सहाला होता. लताबाई दुपारच्या गाडीनं थेट इथे येणार होत्या. तीनला तार आली, ताप चढलाय, येता येत नाही. नाना ट्रंकेवर बसून राहिले. मग एकेक जण माझ्याकडे बघायला लागला. मी मामाजींकडे. ते मला सोबत म्हणून आले होते.

नानांनी त्यांच्यापुढे हात जोडले. मामाजींनी तोंडातली लवंग इकडून तिकडे केली आणि म्हणाले, "नानासाहेब, पोरीची एवढी हौस, मी कशाला आडवा येऊ? जावईबापूंचं मी बघून घेईन. फक्त समोर जो काम करणार त्याला विचारा. त्याची तयारी असेल तर माझी ना नाही." मी सगळ्यांदेखत त्यांच्या पाया पडले. आयुष्यात इतकी खूश मी कधी झाले नव्हते.

मुलींनी मला आत नेऊन तयार केलं. पिवळं पोलकं घालताना आम्ही टाचण्यांची डबी घेऊन बसलो होतो, लताबाईंच्या मापाचं ते, मला पोत्यासारखंच होणार. एक टाचणी लागली नाही. असं बसलं की जणू अंगावरच शिवलं. म्हणजे युसूफनं माप साफ चुकवलं होतं. लताबाई आल्या असत्या तर त्यांचा एक हातसुद्धा त्यात गेला नसता. आम्ही हसलो. मी तशीच विंगेत गेले.

युसूफ रंग लावून बसला होता. त्यानं मला बघितलं. आधी पोलकं, मग चेहरा. किती वेळ बघत होता. मला वाटलं, आता हा काहीतरी चांगलं बोलेल. मी वाट बघत होते, हे इथे खरं लिहिते.

तो उठला आणि नानांना म्हणाला, "मी यांच्याबरोबर काम करणार नाही."

नाना म्हणाले, "काय?"

"यांना जमत नाही. तालमीपुरतं ठीक होतं."

कौतिकनं कारण विचारलं, "काब्रं रे? बठ्ठं पाठ शे तिले. तूच तर सांगे..." युसूफनं त्याला पुढे बोलूच दिलं नाही. नानांनी समजावलं, मग रागावले. युसूफ तेच एक वाक्य म्हणत राहिला, पाठ केल्यासारखं. माझ्याकडे पुन्हा बघितलं नाही.

आमचं नाव बाद झाल्याचं पडद्याबाहेर पुकारलं गेलं. सहा महिने माझ्यासारखे कितीजण घाम गाळत होते, सगळं गेलं. नाना त्याला म्हणाले, "पुन्हा वर्गात पाय ठेवू नकोस." त्यानं बाहीनं तोंडाचा रंग पुसला. मामाजी त्याच्याजवळ गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. एवढा आमचा अपमान केला त्यानं, तरी मामाजी किती मोठ्या मनाचे. युसूफनं तो हात बाजूला केला आणि निघून गेला.

मला जमत नाही. घरच्यांनी नाही म्हटलं असतं तर मी सहन केलं असतं. पण त्यानं म्हणावं, आणि सगळ्यांसमोर. मी रडले, आणि या जन्मात त्याचं तोंड बघणार नाही.

१९ फेब्रुवारी

काल प्रेक्षकांत पारोळ्याची माणसं होती. मोतीलालजी आणि त्यांचे दोघे भाऊ. बाईला आज कळलं, तिनं देवापुढे दिवा लावला. म्हणाली, तो पोरगा अडून बसला म्हणून, नाहीतर काल सगाई मोडली असती. देवानंच त्याला बुद्धी दिली.

देवानं त्याला दुसरी कुठलीही बुद्धी द्यायची होती.

११ मार्च, धुळे

वर्ग बंद आहे. नाना रस्त्यात भेटले तर मान वळवतात, त्यांना माझ्याकडे बघवत नाही. सत्तारचाचांच्या दुकानात युसूफ दिसत नाही. मी मुद्दाम बघत नाही, मामाजींचा डबा द्यायला जाते तेव्हा समोरच आहे म्हणून दिसतं. त्याचं मशीन कापड टाकून झाकलेलं असतं.

झोपताना यमुनेची वाक्यं आपोआप तोंडात येतात. त्याची पण येतात. त्याचीच जास्त येतात. एखाद्या माणसाचा एवढा राग असला की असं होत असेल.

२१ एप्रिल

परीक्षा संपली. उद्या जळगावला जायचं, तिथे आठवडाभरात आखाजी आणि माझं लग्न.

सकाळी सत्तारचाचा लग्नाची पोलकी घेऊन आले. मामीजींनी कापडांबरोबर माझं मापाचं पोलकं दिलं होतं. ते त्यांनी वर ठेवलं, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. म्हणाले, "हे लागलं नाही, बाईसाब."

मामीजी म्हणाल्या, "मग शिवलं कशावरून?"

"युसूफ सांगून गेला ना. आता बऱ्हाणपूरला असतो, त्याच्या मामूच्या दुकानात. जायच्या आधी म्हणाला, अब्बा, त्या घरचं शादीचं काम येईल, मापाचं पोलकं बघू नका, ते जुनं आहे, काखेत दाटतं. मी सांगतो तसं करा. सगळं तोंडी सांगितलं. उजवा खांदा अर्धं बोट वर ठेवायला सांगितला. म्हणाला, त्या बोलायला लागल्या की तो खांदा उचलतात, कापड ओढायला नको." मग ते हसले. "मी म्हटलं, ते पिवळं पण तू असंच शिवलंस, नाशिकच्या बाईंचं माप बाजूला टाकून. तर म्हणाला, ती दिवाळीपासून ठरवलेली गोष्ट होती, अब्बा. आता सोडा."

मामीजींनी त्यांना पाणी दिलं. ते गेले.

मी आत जाऊन लाल पोलकं घातलं. आरशासमोर उभी राहिले आणि यमुनेचं चहाचं वाक्य म्हटलं. उजवा खांदा वर गेला. मला एकोणीस वर्षांत हे माहीत नव्हतं. बाईला माहीत नाही, मामीजींना माहीत नाही. कापड कुठेच ओढलं नाही.

"तुमचं कधी बघितलं नाही," असं म्हणाला होता.

बाहेर येऊन मामीजींना विचारलं, "संक्रांतीला ओट्यावर तुम्ही त्याच्याशी काय बोललात?"

त्या साड्यांच्या घड्या घालत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "पोलक्यांचंच."

"आणि मामाजींना त्या दिवशी कसं ठाऊक होतं, की तो नाही म्हणेल?"

मामीजी घडी घालायच्या थांबल्या. त्यांचे डोळे भरले. या वेळी चूल पेटलेली नव्हती. "तुझ्या भल्याचंच केलं, कुसुम," एवढंच म्हणाल्या. "आणि तो पोरगाही एका शब्दानं आडवा आला नाही. तुझ्यासमोर रंगमंचावर उभं राहायचं नाही, ही शपथ घातली ती पाळली."

मी वही मागे चाळून बघितली. सगळं लिहिलेलं आहे. खुर्ची, पेढा, कप, ताई, मामाजींचा हात. दिसलं ते सगळं मी लिहिलं आणि प्रत्येकाचा अर्थ चुकीचा लावला. अर्थ लावू नको, असं नानांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

दोन महिने मी त्याचा राग केला. त्या रागाच्या जोरावर मी पारोळ्याला जाणार होते, ते सोपं होतं. मला जमत होतं. त्याला माहीत होतं मला जमतं. त्यालाही मला तिथे उभं बघायचं होतं, आणि मी त्याच्यासमोर त्यानंच शिवलेलं घालून उभी होते. आता हे घेऊन मी कुठल्या तोंडानं बोहल्यावर चढू? ज्याच्या नावानं रडायचं त्याचं नावसुद्धा त्या घरात कुणापाशी काढता येणार नाही.

पिवळं पोलकं माझ्याकडेच राहिलं आहे. ते आणि ही वही पेटीत तळाशी ठेवते, वर मामीजींनी दिलेल्या साड्या.

अजून लाल पोलकं अंगावरच होतं. दाराबाहेरून मामीजींनी विचारलं, "कुसुम, नीट बसलं का गं?"

मी म्हटलं, "बसलं."